जखम भरली, सुकली की बरी झाली?

प्रश्न असा आला आहे: 'मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांवर चाललेल्या एका संशोधनाचं माहितीपत्रक मी मराठीत करते आहे. रुग्णाने ते वाचून सही करायची आहे. मूळ इंग्रजी मजकुरात 'हीलिंग' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. मी त्याला कुठे जखम भरणे, कुठे बरी होणे, कुठे सुकणे असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी तिन्ही खोडून सगळीकडे व्रणरोपण केलं. बरोबर कोण?'

तपासणाऱ्यांचा शब्द जुना आणि शास्त्राला धरून आहे, पण पत्रक वाचणार आहे तो ज्याचा पाय दुखतो आहे तो माणूस. तेव्हा व्रणरोपण काढाच. मात्र तुमचे तीन शब्दही एकमेकांच्या जागी बिनघोर टाकता येणार नाहीत.

आधी भरणे. हा शब्द फार नेमका आहे. पायाला खोल खड्डा पडलेली, टाके न घालता येणारी जखम खरोखरच तळातून भरत वर येते. आधी लालसर, कणीदार, जरा धक्का लागला की रक्त येणारं मांस चढतं, कडा आत ओढल्या जातात आणि मग कडेकडून कातडी सरकत येते. ऑपरेशनची चीर अशी भरत नाही. तिच्या कडा टाक्यांनी जवळ आणलेल्या असतात, त्या एकमेकींना मिळतात. म्हणून घरात कोणाचं ऑपरेशन झालं की आपण 'टाके सुकले का?' असं विचारतो, 'टाके भरले का?' असं कोणी विचारत नाही. तुमच्या पत्रकातल्या जखमा पायाच्या आहेत, तिथे भरणेच हवं.

सुकणे मात्र या पत्रकात मी एकदाही येऊ देणार नाही. टाक्यांच्या बाबतीत तो शब्द निर्धोक आहे: पाणी येईनासं झालं, एवढाच त्याचा अर्थ. उघड्या जखमेच्या बाबतीत त्या शब्दात एक सल्ला दडलेला आहे. जखम सुकली की बरी झाली, म्हणून ती सुकवा, पट्टी काढा, वारा लागू द्या. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या आणि काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सरळ आहे. कातडीच्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकतात, खपली धरली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. आजची बरीचशी महागडी ड्रेसिंग्ज याच कल्पनेवर उभी आहेत. आता तुमच्या पत्रकात 'जखम सुकेपर्यंत दर आठवड्याला यावे' असं छापलंत, तर एखादे काका पट्टी सोडून पाय उन्हात धरून बसतील, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. (काही जखमा डॉक्टर मुद्दाम कोरड्या ठेवायला सांगतात. तो वेगळा विषय.)

बरी होणे हा शब्द सर्वांत मोठा, म्हणून जपून वापरायचा. जखम भरते, वरून मिटते, पण आतलं काम पुढे कितीतरी महिने चालू राहतं, आणि त्यानंतरही तिथल्या कातडीची ताकद मूळच्या साधारण ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. संशोधक तर त्याहून काटेकोर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत जखम पूर्ण मिटली कधी म्हणायचं ते ठरवून दिलं आहे: वर कातडी आलेली, स्राव नाही, पट्टीची गरज नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा पाहूनही तसंच. पत्रकात याला 'जखम पूर्ण मिटणे' म्हणा आणि पहिल्याच वेळी एका वाक्यात अर्थ सांगून टाका.

आता व्रणाचं काय? मराठी माणूस व्रण म्हटल्यावर जखम गेल्यावर मागे राहिलेली खूण समजतो. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र जठरव्रण म्हणजे चांगली वाहती जखम. संस्कृतात व्रण म्हणजे जखमच. त्यातूनच प्राकृतमार्गे वण आला आणि तो खुणेपुरता उरला. मग मूळ शब्दही त्याच्या मागे गेला. गंमत म्हणजे याचं बीज सुश्रुतसंहितेतच आहे. तिथे व्रण शब्दाची फोड करताना म्हटलं आहे की भरून आल्यावरही व्रणवस्तु, म्हणजे वण, देह असेतोवर जात नाही, म्हणून याला व्रण म्हणायचं. जखमेची व्याख्याच वणावरून केलेली! रोपणाचंही असंच झालं. रुह् म्हणजे वाढणे, त्याचं प्रयोजक रोपण, वाढवणे. भरून आलेली जखम ती रूढ. आपण मात्र रोपण म्हटलं की रोपं लावायला निघतो. व्रणरोपण हा शब्द आज सामान्य वाचकाला 'वण लावणे' असा ऐकू येईल.

पत्रकात पुढे त्वचारोपणाचा उल्लेख आहे असं तुम्ही लिहिलंत. तो ठेवा, पण एक खात्री करा: कातडी पूर्ण सुटी करून लावणार आहेत ना? शेजारची कातडी देठासकट वळवून आणणं हे वेगळं काम, त्याला डॉक्टर फ्लॅपच म्हणतात. याचा जगभर गाजलेला दाखला पुण्याचा आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्यात एका कारागीर जातीच्या माणसाने ते नवं केलं, आणि त्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. मेणाचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरायचं, त्याभोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे चिकटलेली ठेवायची आणि फिरवून खाली आणायची. टाके नाहीत, पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या चिकटवायच्या, आणि चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. देठ कापायचा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, तोवर रक्त तिथूनच पोचतं. हे वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. याला रोपण म्हणू नये, कारण ती कातडी शरीरापासून कधी सुटीच झालेली नसते.

राहिले तुमच्या पत्रकातले जंतू. 'जखमेत जंतू आढळले' आणि 'जंतुसंसर्ग झाला' ही दोन वाक्यं कृपया वेगळी ठेवा. उघड्या जखमेत जंतू असतातच. संसर्गाला मराठीत चिघळणे, पिकणे हे उत्तम शब्द आहेत (चिघळणे आता वर्तमानपत्रांनी आंदोलनांसाठी जवळपास राखून ठेवला आहे, ते सोडा). शिवाय कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतला नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहतात त्या तपासणीत, जिवंत जंतूच वाढतात, पण डीएनए वाचण्याच्या पद्धतीत मेलेल्यांचीही हजेरी लागते. म्हणून तिथे 'जंतूंच्या जनुकीय खुणा' असं लिहा. जंतू शब्द पहिल्यांदा येईल तिथे 'डोळ्यांना न दिसणारे' हे तीन शब्द जोडा, नाहीतर कोणीतरी जंतांचं औषध मागेल. आणि तपासणाऱ्यांनी सुचवलेला 'सूक्ष्मजैविक विदा'? विदा (म्हणजे डेटा) हा शब्द मला आवडतो, मी स्वतः लेखांत वापरतो. पण सही घ्यायच्या कागदावर 'जंतूंच्या नोंदी' असंच लिहा.