फीडबॅक ३.१ आला, आता जूनमध्ये बोलावतील का?

"पाचपैकी तीन पॉइंट एक. विभागात माझ्या खाली कुणीच नाही." मोबाइल पुढे सरकवत सल्ल्यासाठी आलेल्या प्राध्यापिका एवढंच बोलल्या आणि गप्प बसल्या. पडद्यावर महाविद्यालयाच्या आयक्यूएसीने (अंतर्गत गुणवत्ता कक्षाने) पाठवलेला विद्यार्थी फीडबॅकचा तक्ता होता.

वय ३४, अर्थशास्त्रात सेट आणि पीएच.डी. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात चार वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या भाषेत सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस; घेतलेल्या तासांपुरतेच पैसे). सकाळी तिथे, दुपारी एसटीने दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्ता लागला त्या दिवशी विभागप्रमुख सर जिन्यात भेटले आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणून पुढे गेले. तेव्हापासून मॅडमना धड झोप नव्हती. वर्गात शिरताना छाती धडधडायची आणि फळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की नजर प्रत्येक चेहऱ्यावर फिरायची: एक कुणी दिला असेल?

सीएचबीवरच्या अनेकांची हीच घालमेल असते. 'माझं शिकवणं वाईट आहे का' आणि 'माझं काम टिकेल का' हे दोन प्रश्न त्यांच्या मनात एकमेकांत गुंतलेले असतात. आधी ते सुटे करावे लागतात.

काम टिकण्याचा प्रश्न पहिला घेतला, कारण झोप त्यानेच उडवली होती. अनुदानित महाविद्यालयात तासिका निघतात त्या रिक्त पदाच्या कार्यभारातून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचं असतं. पद रिकामं असेल तर तो भार तासिकांवर वाटला जातो. त्यासाठी ना हरकत, जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता असा प्रवास असतो आणि नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती राहते. पद भरलं गेलं किंवा तुकडी बंद पडली, तर पाचपैकी पाच मिळवणारेही घरी बसतात. कार्यभार शिल्लक असेल तर नुसत्या ३.१ वरून सहसा कुणी काढत नाही. फीडबॅक आडवा येतो तो मुलाखतीला दोन तोडीस तोड उमेदवार समोर असतात तेव्हा, किंवा लेखी तक्रार आलेली असते तेव्हा. त्यांच्या नावावर तक्रार एकही नव्हती. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

मग तक्ता उघडला. सरासरीकडे न बघता एकेक ओळ वाचायची, एवढाच नियम. फॉर्ममध्ये पाच प्रश्न होते. वर्गावर वेळेवर येतात: ४.४. विषयाचं ज्ञान: ४.२. अभ्यासक्रम पूर्ण केला: २.९. आयसीटीचा (प्रोजेक्टर, संगणक अशा साधनांचा) वापर: २.१. वर्गाबाहेर शंकानिरसनासाठी उपलब्ध असतात: १.९. बेरीज १५.५, भागिले पाच, ३.१. शिकवणाऱ्या माणसाला ज्या दोन गोष्टी विचाराव्यात त्यांत त्या चारच्या वर होत्या. खाली ओढलं उरलेल्या तीन ओळींनी.

शंकानिरसनाचं बघा. तासिकेपुरता मोबदला, स्टाफरूममध्ये स्वतःचं टेबल नाही, बारा वाजून दहा मिनिटांची एसटी. वर्गाबाहेर त्या सापडणार कशा? आयसीटीचं तसंच. प्रोजेक्टर एकाच खोलीत, आणि वेळापत्रकात ती खोली त्यांच्या वाट्याला नव्हती. पूर्णवेळ शिक्षकासाठी बेतलेला फॉर्म जसाच्या तसा सीएचबीला लावला की असे आकडे येतात. ही फॉर्मची चूक आहे आणि ती तशी म्हणायला हरकत नाही.

अभ्यासक्रमाचं गणित तर कागदावर मांडूनच पाहिलं. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे एका क्रेडिटला १५ याप्रमाणे ६० तास. आठवड्याला चार तासिका धरल्या तर पंधरा आठवडे. त्यांचा नेमणुकीचा आदेश सत्र सुरू होऊन सहा आठवडे उलटल्यावर हातात पडला. चोवीस तासिका तिथेच गेल्या, उरल्या ३६. त्यातल्या ३४ त्यांनी घेतल्या. मुलांना दिसलं ते एवढंच की शेवटचं युनिट राहिलं.

राहिला नमुन्याचा प्रश्न. वर्गाच्या पटावर ७२ मुलं, फॉर्म भरला चौदा जणांनी. लिंक व्हॉट्सॲपवर आली ती नेमकी अंतर्गत गुण लागले त्या संध्याकाळी. चौदा जणांत एकाने पाचाऐवजी एक दिला, तर सरासरी जवळजवळ ०.२९ ने घसरते. असे दोघे निघाले तर अर्ध्या गुणाहून जास्त. एवढ्या तुटपुंज्या संख्येवरून कुणाला पहिलं-शेवटचं ठरवणं हा शुद्ध पोरखेळ आहे, पण तक्ता एक्सेलमध्ये असला की त्याला वजन येतं. (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण याहून वेगळं. ते संस्थेबद्दल असतं, एकेका शिक्षकाबद्दल नाही. स्टाफरूममध्ये दोन्हींची सरमिसळ होते आणि विनाकारण घबराट पसरते.)

दोन गोष्टी करायच्या नाहीत हे आधी ठरलं. एक कुणी दिला ते वर्गात विचारायचं नाही, आणि पुढच्या वेळी ग्रुपवर 'चांगला फीडबॅक द्या' असा मेसेज टाकायचा नाही. पहिल्याने मुलं बिथरतात. दुसरं स्क्रीनशॉट होऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोहोचतं, आणि मग ३.१ परवडला असं वाटतं.

करायच्या गोष्टी दुसऱ्या सत्रासाठी होत्या. शंकांसाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तास संपल्यावर त्याच वर्गात वीस मिनिटं थांबायचं. या वेळेचे पैसे मिळत नाहीत, म्हणून वीस म्हणजे वीसच, आणि पुढची एसटी बघून दिवस निवडायचा. दिवस-वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. सांगितलेलं मुलं विसरतात. प्रोजेक्टरच्या खोलीसाठी सत्राच्या पहिल्या आठवड्यात विभागप्रमुखांना दोन ओळींचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. खोली मिळाली तर ठीकच, नाही मिळाली तर मागितल्याचा कागद तरी राहतो. उशिरा आदेश आला तर पहिल्याच दिवशी उरलेल्या तासिकांचा सुधारित अध्यापन आराखडा करायचा. कुठलं युनिट वर्गात, कुठलं स्वाध्यायातून, हे त्यात लिहायचं, विभागप्रमुखांची सही घ्यायची आणि वर्गालाही सांगायचं.

आणि दहाव्या तासिकेच्या सुमारास स्वतःच फीडबॅक घ्यायचा. कोऱ्या चिठ्ठ्या, नाव नाही, प्रश्न तीन: काय नीट समजलं, कुठे वेग जास्त झाला, मी काय बंद करू? दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्यांत जे येईल तेवढंच धरायचं. पुढच्या तासाला वर्गाला सांगायचं की यातलं हे बदलतेय, हे बदलता येणार नाही, कारण असं असं. मुलांना आपलं ऐकलं गेल्याचं सत्र संपण्याआधी कळतं, आणि शेवटचा फॉर्म राग काढायची एकमेव जागा उरत नाही.

वर्गनिरीक्षणाची त्यांना धास्ती होती. खरं तर ते आपणहून मागावं, सत्राच्या मध्यावर. विभागप्रमुख पंधरा-वीस मिनिटं मागच्या बाकावर बसतात. त्यांच्या हातात आधीच त्या तासाचं टाचण (काय, कसं शिकवणार याची टिपणं) द्यायचं, नंतर दहा मिनिटं बोलायचं आणि शेरा लेखी मागायचा. जिन्यातल्या 'बघू'पेक्षा तो केव्हाही कामाचा.

"पण सर, तुम्ही जरा बघा असं कसं म्हणू? त्यांना वाटेल हिला काढण्याची भीती आहे," त्या म्हणाल्या. वाक्य खोलीत दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा ते असं झालं: "सर, आयसीटी आणि शंकानिरसनात मी कमी पडले असं तक्त्यात दिसतंय. या सत्रात हे-हे करतेय. एक तास बघून लेखी अभिप्राय द्याल का?" विनवणी गेली, विषय राहिला.

शेवटी एक पानाचा स्व-मूल्यांकन अहवाल. पूर्णवेळ शिक्षकांसाठी २०१८ च्या नियमावलीत अध्यापनाची मोजपट्टी आहे: नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतल्या तर चांगलं, ७० ते ८० समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. सीएचबीला ती सहसा कुणी लावत नाही, तर आपण लावावी. ३६ पैकी ३४ म्हणजे ९४ टक्के. सोबत विद्यापीठ परीक्षेचा निकाल, पण गेल्या वर्षाशी नाही, त्याच सत्रातल्या त्याच वर्गाच्या इतर विषयांशी ताडून. तासिकांची नोंदवही तर असतेच, देयक तिच्यावरच निघतं. सही झालेल्या पानाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवायचा.

या फाइलमध्ये सगळ्यात जास्त हेळसांड होते ती अनुभव प्रमाणपत्राची. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची जी छाननी होते, तिच्या गुणतक्त्यात २०१८ च्या नियमावलीने अध्यापन अनुभवाला वर्षाला २, कमाल १० गुण ठेवले आहेत. वर्षापेक्षा कमी काळाला त्या प्रमाणात. तासिकांचा अनुभव धरायचा की नाही यावर छाननीच्या टेबलावर वाद होतो, आणि 'चार वर्षे समाधानकारक सेवा केली' असं मोघम प्रमाणपत्र तिथे टिकत नाही. सुरुवात आणि शेवटची तारीख, विषय, वर्ग, आठवड्याच्या तासिका, नेमणूक आदेशाचा क्रमांक, विद्यापीठ मान्यतेच्या पत्राचा क्रमांक, हे सगळं हवं, आणि प्रत्येक वर्षाचं वेगळं. ते त्या त्या वर्षीच घ्यावं. चार वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात आणि क्लार्क म्हणतो, "जुनी फाइल काढावी लागेल मॅडम." त्यांचं पहिल्या वर्षाचं मान्यतापत्र असंच दोन महिन्यांच्या खेपांनंतर मिळालं.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी फॉर्म ४१ जणांनी भरला. शंकानिरसन ३.६, आयसीटी २.४ (खोली मिळाली नाही), एकूण ३.८. विभागप्रमुखांनी वर्गनिरीक्षणाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, त्यातली एक अक्षराबद्दल होती. फळ्यावरचं अक्षर लहान येतं म्हणे.

जूनमध्ये त्या महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या तासिका निघाल्याच नाहीत. पूर्णवेळ पद भरलं गेलं. दुपारच्या महाविद्यालयाची जाहिरात आली तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: "फाइलमध्ये वर्गनिरीक्षणाचा कागद वर ठेवू की अनुभव प्रमाणपत्रं?" प्रमाणपत्रं वर, वर्षांच्या क्रमाने. निरीक्षणाचा कागद त्याखाली, अक्षराच्या ओळीसकट.