मुद्रकाचे नाव

मूळचे शहापूरचे, पण गेली तीस वर्षे न्यू जर्सीत राहणारे एक काका लिहितात: त्यांचा पुतण्या बेळगावात छपाईचा लहानसा व्यवसाय करतो आणि अक्षरांवर त्याचा हात इतका चांगला आहे, की लग्नपत्रिकेसाठी लोक लांबून त्याच्याकडे येतात. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ सीमाभागातील मराठी माणसे १ नोव्हेंबरला जो काळा दिन पाळतात, त्यासाठी त्याने फलक आणि व्हिडिओ तयार करावेत, असे काकांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुचवले. तो काहीच बोलला नाही. त्यानंतर काका रोज त्याची आठवण करून देत राहिले आणि एके दिवशी त्यांनी सर्वांसमक्ष विचारले, ‘देवाने हातात कला दिली ती काय फक्त मुंजीच्या पत्रिका छापायला?’ त्याच रात्री पुतण्याने ग्रुप सोडला. ‘माझे काय चुकले? मी स्वतःसाठी तर काही मागितले नव्हते,’ असा काकांचा प्रश्न आहे.

काका, आपल्या कळकळीविषयी मला शंका नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी सीमाप्रश्नाच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारातील हुतात्म्यांची नावे ज्या घरांत मुलांच्या कानावर पडत असत, त्या घरांतला माणूस परदेशी गेला म्हणून सीमाप्रश्न विसरत नाही. उलट महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा एवढी वर्षे रेंगाळलेला पाहून दूर बसलेल्याची तगमग अधिकच वाढते. मात्र आपल्या पत्रातील ‘स्वतःसाठी मागितले नव्हते’ हेच वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. स्वतःसाठी मागणाऱ्याला ‘जमणार नाही’ असे सांगता येते, चार दिवस अबोला राहतो आणि दिवाळीला मिटतो. मातीच्या नावाने मागणाऱ्याला तेच उत्तर दिले, तर देणारा फितूर ठरतो, आणि तेही आत्या, मावश्या, मेहुणे, भाचे अशा साऱ्या गोतावळ्यासमोर. आपण त्याला प्रश्न विचारला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ‘हो’ म्हणण्याखेरीज दुसरी वाटच आपण ठेवली नव्हती.

आता त्याच्या दुकानात क्षणभर उभे राहून पाहा. त्याच्या टेबलावरच्या लग्नपत्रिकेची एक बाजू मराठी आणि दुसरी कन्नड असते, कारण मुलीकडचे पाहुणे बैलहोंगलचे असतात. १ नोव्हेंबर हाच कर्नाटक राज्योत्सवाचाही, म्हणजे राज्याच्या स्थापनेचा, दिवस असल्यामुळे आपण ज्याला काळा दिन म्हणता, त्याच सकाळी त्याच शहरात लाल-पिवळे झेंडे घेतलेल्या मिरवणुका निघतात, आणि त्या मिरवणुकीतला एखादा तरुण आठ दिवसांपूर्वी त्याच्याच दुकानातून व्हिजिटिंग कार्डे घेऊन गेलेला असतो. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता छापणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सक्तीचे आहे; इतर फलकांवर ते नसले, तरी एखादे अक्षरवळण कोणत्या गल्लीतून आले हे बेळगावात ओळखायला फार वेळ लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये भाषेच्या आधारावर गटांत वैर वाढवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सनदशीर निषेधाचा फलक त्या कलमात बसत नाही, असे आपण म्हणाल, आणि ते बरोबरही आहे. पण ते न्यायालयात सिद्ध होईपर्यंतच्या तारखा वकिलाची फी भरून त्याला काढाव्या लागतील, आणि त्या काळात आपण मात्र तिकडे न्यू जर्सीत असाल.

त्याला चळवळ पटत नसेल, पटत असूनही भीती वाटत असेल, किंवा ऐन लग्नसराईच्या तोंडावर वेळच नसेल. यांपैकी खरे कारण कोणते, हे त्याने आपल्याला सांगितलेच पाहिजे असे नाही. (जाता जाता: मुंजीच्या पत्रिका हे हलके काम आहे हे आपल्याला कोणी सांगितले? बेळगावात शुद्ध मराठी मजकूर ऱ्हस्व-दीर्घासह जुळवून देणारा माणूस मिळवून दाखवा.)

तेव्हा पहिले काम क्षमा मागण्याचे. टोमणा ग्रुपवर मारला होता, म्हणून ‘माझे बोलणे चुकले’ एवढे एक वाक्य ग्रुपवरच लिहा, आणि पुढचे सारे त्याच्याशी एकट्याने बोला. ‘तुझी क्षमा मागतो, पण तूही समजून घे’ अशी क्षमा मागू नका. त्या ‘पण’ने सगळेच मुसळ केरात जाईल. ग्रुपमध्ये परत ये, असा आग्रहही नको.

चळवळीला खरोखर हातभार लावायचा असेल, तर आधी आपले कौशल्य मोजा. इंग्रजी मसुदे लिहिणे, सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल वाचून घरातील अमेरिकेत वाढलेल्या मुलांना दोन्ही राज्यांचे म्हणणे समजावून देणे, वडिलांच्या ट्रंकेतील जुनी कात्रणे स्कॅन करणे ही कामे आपल्याला स्वतःच्या नावावर करता येतात. पैसे पाठवताना मात्र सावध राहा. आपण अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी परकीय योगदान नियमन कायदा, २०१० नुसार आपली देणगी परकीय ठरते, आणि राजकीय पक्षाला किंवा निवडणुकीतील उमेदवाराला ती स्वीकारता येत नाही. भारतीय पासपोर्ट कायम असेल आणि रक्कम स्वतःच्या कमाईतील असेल, तर हा अडसर नाही.

पुढे कधी त्याच्याकडून काही करून घ्यावेसे वाटलेच, तर खासगीत, एकदाच आणि रीतसर मोबदला देऊ करून विचारा, आणि तो ‘बघतो’ म्हणाला तर बेळगावकराच्या ‘बघतो’चा अर्थ आपल्याला मी सांगायला नको. पहिला फोन करताना घड्याळ पाहा. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात, तेव्हा तो सकाळी दुकान उघडण्याच्या गडबडीत असतो. आपल्या रविवारी सकाळी करा. त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते, आणि बहुधा शटर अर्धे खाली असते.