थंडीत सायकल सुरू करताय? तर हे बघा

ऑक्टोबरचं ऊन ओसरलं की नागपुरात सायकलचे खरे दिवस. नोकरी सांभाळून रोजचा हट्ट धरू नका. मंगळवार-गुरुवार 40 मिनिटं, रविवारी दीड तास, पुष्कळ झालं. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, फुटाळा असा फेरा घ्या. चढाआधीच हलका गिअर टाका. ऐन चढावर जोर लावून बदलला की चेन उतरते.

डिसेंबरअखेर सूर्य उगवायला पावणेसात वाजतात, म्हणून मागचा लाल दिवा हवाच. हातमोजे, विंडचीटर पुरे. निघताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. घरूनच ऊब वाटली तर पुढे घाम येतो आणि उतारावर तोच गारठवतो.

पारा उतरला की टायरमधला दाबही उतरतो. आठवड्यातून एकदा तपासा, आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिमखाली चिमटते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. भोक एकच असेल तर बहुधा बाभळीचा काटा. टायरच्या आतून हळूच बोट फिरवून तो आधी काढा, नाहीतर नवी ट्यूबही तिथेच फुटेल. पंक्चरवाले घाईत हे हमखास विसरतात.