महिनाअखेर आणि मरगळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या बऱ्याच पत्रांत घरखर्च आणि तब्येत हे दोन्ही विषय एकत्रच आले आहेत. ते वेगळे काढण्यात अर्थही नाही. संध्याकाळी दमून, भुकेल्या पोटी घेतलेला निर्णय पैशालाही भोवतो आणि अंगालाही. म्हणून उत्तरे अर्थनियोजन आणि आहार या दोन्ही विषयांच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मी बदलापूरला राहते, नोकरी फोर्टला. पहाटे साडेचारला उठते, रात्री आठला घरी पोचते. मुले नऊ आणि पाच वर्षांची. दोघांचा मिळून पगार ८०,००० हाती येतो, घराचा हप्ता २४,००० जातो. तरी वीस तारखेनंतर क्रेडिट कार्डावर भागवावे लागते. कार्डावर ४६,००० थकले आहेत, महिन्याला किमान रक्कम म्हणजे साधारण २,३०० भरते. आठवड्यातून तीनदा तरी जेवण बाहेरून मागवले जाते. हिमोग्लोबिन ९.८ आले आहे, जिना चढताना धाप लागते. महिना २,००० ची आरडी (बँकेतली आवर्ती ठेव) चालू आहे, त्यात ३१,००० जमलेत. ती मोडायची नाही असे ठरवले आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात हिमोग्लोबिनपासून करा. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ८ ते १०.९ हा मध्यम रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्यामुळे ‘बायकांना एवढे कमी असतेच’ असे घरोघरी ऐकू येते. ते मनावर घेऊ नका. तुमची धाप, संध्याकाळची चिडचिड, स्वयंपाकाचा कंटाळा यांत या ९.८ चा वाटा मोठा असू शकतो. आळशीपणा म्हणून स्वतःला बोल लावण्याआधी डॉक्टरांकडे जा. सीबीसीसोबत (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासायचे का ते विचारा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, गाठी पडत असतील, सात दिवसांहून जास्त जात असेल, तर ते न विचारताही सांगा. गळती चालू असताना नुसत्या गोळ्या पुरत नाहीत.

लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या तर त्या घेण्याची वेळ नीट ठरवा. पहाटेच्या चहासोबत घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते, कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीचेही तेच. तुमच्या दिनक्रमात अकराच्या सुमारास, ऑफिसात, लिंबूपाण्यासोबत ही वेळ चांगली. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नको. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. थोडे कमी शोषले गेले तरी चालेल, गोळी सुटायला नको. शौचास काळे होणे ही या गोळ्यांची नेहमीची खूण आहे. ते पाहून घाबरून बंद करणाऱ्या फार आहेत. बद्धकोष्ठ फारच झाले तर डॉक्टरांना सांगा, एक दिवसाआड देण्याचीही पद्धत आहे. आणि हिमोग्लोबिन १२ वर आले की थांबायचे नाही. शरीरातला साठा भरायला साधारण आणखी तीन महिने लागतात. बीट आणि डाळिंब रंगाने लाल असले तरी त्यांत लोह बेताचेच. अळीव, बाजरी, पालेभाज्या, मटकी-हरभरा जास्त उपयोगाचे, आणि त्यांवर लिंबू पिळलेच पाहिजे. मांसाहार चालत असेल तर मासे, मटण, कलेजी यांतले लोह जास्त सहज लागू होते.

आता संध्याकाळ. दुपारी एकला डबा, मग चारचा चहा-बिस्कीट, आणि आठपर्यंत पोट रिकामे. गाडीत बसायला मिळाले की हातात फोन येतो आणि कल्याण यायच्या आत ऑर्डर जाते. त्या वेळी ‘आज नको मागवायला’ असा निश्चय टिकत नाही. ऑफिसातून निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळे किंवा पेरू खा. मूठभर म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. आठवड्याचे सहा पुडे रविवारीच भरून ठेवा, कारण ऑफिसाखालच्या वडापावशी त्यांची स्पर्धा आहे. शिवाय जेवण मागवण्याच्या अॅपमधून कार्डाचा साठवलेला तपशील काढून टाका. दर वेळी आकडे टाकावे लागले की निम्म्या ऑर्डरी तिथेच थांबतात.

घरी पोचल्यावर वीस मिनिटांत ताट वाढता आले पाहिजे, एवढ्यापुरतीच रविवारची तयारी. आठवड्याभराचा स्वयंपाक करून ठेवू नका; तो गुरुवारी कुणी खात नाही.

एक किलो कांदा, पाऊण किलो टोमॅटो, शंभर ग्रॅम आले-लसूण पाच चमचे तेलात तेल सुटेपर्यंत परतून मसाला करा. गार झाला की चार डब्यांत भरा. दोन फ्रीजमध्ये, दोन फ्रीझरमध्ये. गरम असतानाच झाकण लावले की आत पाणी सुटते आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. यात खोबरे घालू नका, ओल्या खोबऱ्याचे वाटण लवकर खराब होते. पाव किलो मटकी रात्री भिजवून सकाळी पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. मटकी चिकट झाली तर पाणी राहिले होते असे समजा. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. पालेभाजी निवडा पण धुऊ नका, कोरडी करून सुती फडक्यात गुंडाळा. धुऊन ठेवलेली मेथी दोन दिवसांत काळी पडते. कणीक एका वेळी दोनच दिवसांची मळा, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि घरात भाजणी कायम असू द्या. ज्या दिवशी काहीच होणार नाही त्या दिवशी थालीपीठ आणि दही, किंवा एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ आणि चार वाट्या पाण्याची कुकरमधली खिचडी. हे पूर्ण जेवण आहे, त्याबद्दल कुणाची माफी मागायला नको. साहेब रविवारी घरी असतील तर कांदे चिरायला आणि लसूण सोलायला त्यांना आणि मोठ्या मुलाला बसवा. चौघांचे जेवण एकटीने पेलायचे नाही.

तीनऐवजी आठवड्याला एकच ऑर्डर ठेवा, शुक्रवारची. एका ऑर्डरीचे पाचशे धरले तर महिन्याला चार हजारांच्या आसपास सुटतात. वाढीव किराणा-भाजी वजा जाता २,५०० तरी हातात राहावेत.

आता कार्ड. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर ४६,००० वर १,६१० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी २९०. म्हणजे तुम्ही भरलेल्या २,३०० पैकी १,९०० व्याजातच गेले आणि मुद्दल फिटले जेमतेम ४००. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज लागते. वीस तारखेनंतरचा किराणाही तुम्ही वर्षाला ४२ टक्क्यांनी घेताय.

म्हणून आरडी मोडा. मन होत नाही हे कळते, पण सहा-सात टक्के मिळवण्यासाठी बेचाळीस टक्के भरणे हा रोजचा तोटा आहे. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडे कमी मिळेल, ते सोसा. ३१,००० पैकी ६,००० अडीअडचणीला बचत खात्यात ठेवा, २५,००० कार्डावर भरा. राहिले २१,०००. आता दरमहा आधीचे २,३००, आरडीचे २,००० आणि ऑर्डरींतून सुटलेले २,५०० असे ६,८०० भरा, आणि कार्ड वापरणे पूर्ण बंद. चौथ्या महिन्यात फिटते. फिटल्यानंतरही पुढच्या बिलात थोडे व्याज येते, कारण ते बिलाच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या दिवसापर्यंत मोजलेले असते. ‘सगळे भरले’ म्हणून ते बिल न उघडता सोडू नका, नाहीतर उशिराचा दंड लागतो. ६,८०० झेपणार नसतील तर उरलेल्या रकमेचे बँकेकडून हप्ते करून घ्या किंवा ऑफिसच्या पतसंस्थेतून कर्ज घ्या. दोन्हीकडे व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार विचारून मगच सही करा.

पाचव्या महिन्यापासून तेच ६,८०० बचत खात्यात वळवा, घरखर्चाचे तीन महिने साठेपर्यंत. आरडी त्यानंतर.

प्रश्न : नाशिकला घरीच शिवणकाम करते. कमाई दर महिन्याला वेगळी. हिशेबाची वही तीनदा सुरू केली, दहा-बारा दिवसांत सुटली. काय चुकते?

उत्तर : सगळेच लिहायला गेलात, तिथे चुकले. गॅस, वीजबिल, शाळेची फी हे ठरलेले खर्च लिहून कमी होत नाहीत. हलतात ते भाजी-किराणा, वरचे खाणे आणि ऑनलाइन खरेदी. एवढ्यांसाठी वेगळे बचत खाते ठेवा. दर सोमवारी त्यात ठरलेली रक्कम टाका, समजा ३,५००, आणि फोनवरच्या यूपीआयला फक्त तेच खाते जोडा. शिल्लक दिसते तोच हिशेब. शुक्रवारी ४०० उरले असतील तर शनिवारी काय करायचे हे वहीशिवाय कळते. मुख्य खातेही त्याच अॅपला जोडलेले राहिले की ही पद्धत मोडते. ‘आजच्या दिवस तिकडून देते’ म्हणता म्हणता दोन्ही खाती एक होतात.

कमाईसाठी स्वतःला पगार द्या. मागच्या सहा महिन्यांतले सर्वांत कमी कमाईचे तीन महिने घ्या आणि त्यांची सरासरी काढा. ते १२,०००, १४,००० आणि १६,००० असतील तर तुमचा पगार १४,०००. लग्नसराईत आणि दिवाळीआधी ३०,००० आले तरी घरात १४,०००च आणायचे. बाकीचे धंद्याच्या खात्यात, पावसाळ्यातल्या मंदीसाठी. मशीनची दुरुस्ती, धागे, अस्तर यांचे पैसेही तिथूनच द्या. गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेले पैसे कपडा हाती देईपर्यंत कमाईत धरू नका.

दुसरी गळती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची. जूनमधल्या वह्या-गणवेश-फी १८,०००, गौरी-गणपती ८,०००, दिवाळी १५,०००, विम्याचा हप्ता १२,०००, गाडीचा विमा २,००० अशी यादी केली तर बेरीज ५५,०००, म्हणजे महिन्याला साधारण ४,६००. हे बाजूला न काढता ‘महिन्याला दोन हजार उरतात’ असे वाटत असेल तर ते उरत नाहीत. भिशी लावलीत तर ती या खर्चांसाठी लावू नका. नोंदणी नसलेल्या भिशीत एकीने हप्ता थकवला की जूनची फी अडते आणि दाद मागायला जागा राहत नाही.

प्रश्न : आमच्या घरी चार मोठी माणसे. महिन्याला पाच लिटर तेल, पाच किलो साखर लागते. सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून त्यांना गुळाचा चहा देतो. हे प्रमाण जास्त आहे का?

उत्तर : जास्त आहे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे माणशी रोजचे ३८ ग्रॅम. २५ च्या आसपास पुरते. चौघांना महिन्याला तीन किलो, म्हणजे सव्वातीन लिटर. डब्यातून अंदाजाने ओतत राहिलात तर कमी होणार नाही. रविवारी पाऊण लिटरची बाटली भरा आणि तेवढ्यातच आठवडा काढा. पहिल्या आठवड्यात ती शुक्रवारीच संपेल. कुठे संपली ते पाहा, बहुधा तळणात. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. एकदा गाळून फोडणीला लवकर वापरून टाका.

साखर माणशी रोज ४२ ग्रॅमच्या आसपास पडते, बिस्किटे आणि मिठाई वेगळी. मोठ्या माणसाने वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, म्हणजे तीन किलो. चहात दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत जा; एकदम बंद केली तर घरात भांडण होते आणि आठवड्याभरात चमचा पूर्वीइतकाच पडतो.

सासूबाईंचा गूळ मात्र बंद करा. गुळानेही रक्तातली साखर वाढते, आणि ‘चालतो’ म्हणून तो सढळ हाताने पडतो. मधाचेही तेच. त्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर चहा-जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वय ४०. वाढदिवसाला ऐंशी चाचण्यांचे पॅकेज सवलतीत मिळतेय. घेऊ का?

उत्तर : नको. ऐंशीपैकी दोन-चार आकडे कुणाचेही जरा इकडेतिकडे येतात, आणि त्यांची काळजी व पुढच्या तपासण्या तुमच्या माथी. त्याऐवजी रक्तदाब मोजा, कंबर मोजा (बाईची ८० सेंटीमीटरच्या आत हवी), सीबीसी, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), आणि लिपिड (रक्तातली चरबी) एवढे करा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आले तर मधुमेह अजून झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहात. तेव्हा जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे सुरू करा. आठवड्याला दीडशे मिनिटे भरायची आहेत, ती तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात.

पॅकेजमध्ये सहसा नसते ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. तिशीनंतर ती ठरावीक वर्षांनी करायची असते आणि राष्ट्रीय कार्यक्रमात दर पाच वर्षांनी धरली आहे. स्तनांची आणि तोंडाची तपासणीही त्याच कार्यक्रमात आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर तपासणीची वेळ येण्याची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.