रात्री उसाची दारं धरणाऱ्याला ‘आठ तास झोपा’!

या वेळची बहुतेक पत्रं माजी सैनिकांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. सूर चिडका आहे आणि तो रास्त आहे. मी स्वतः आर्मी मेडिकल कोरमध्ये नोकरी केली, त्यामुळे एमआय रूममधल्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातल्या, टेबलाची डॉक्टरकडची बाजू मला चांगली ठाऊक आहे. पलीकडे बसणाऱ्याला काय वाटतं, ते ही पत्रं सांगतात.

हवालदार म्हणून निवृत्त झालो. शुगर आहे, दोन्ही गुडघे गेलेत. दोन एसट्या बदलून ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्ययोजनेच्या) पॉलिक्लिनिकला जातो आणि तिथं ऐकायला मिळतं : रोज चाला, आठ तास झोपा, ताण घेऊ नका. साहेब, लाईट रात्रीची असली की मी उसाची दारं धरायला (पाणी पाजायला) जातो आणि दिवसा बँकेत गार्ड. झोपू कधी?
— निवृत्त हवालदार, खटाव तालुका

हवालदारसाहेब, सल्ला चुकीचा नाही, पण तो तुमच्यासाठी लिहिलेला नाही. ज्याला नऊ ते पाच नोकरी आणि घराजवळ बाग आहे, त्याच्यासाठी तो आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना शुगरचा आकडा सांगण्याआधी तुमचं चोवीस तासांचं वेळापत्रक सांगा. जेवता कधी, झोपता कधी, रात्री किती वेळ चिखलात असता. यावर औषध ठरतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबलं तर शुगर अचानक उतरते. रात्री शेतात एकटं असताना दरदरून घाम आला, हात थरथरले, तर तो थकवा समजू नका. खिशात गूळ किंवा साखर ठेवा. असं एकदा जरी झालं असेल, तर डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ किंवा गोळीच बदलून घ्या.

पाय हा तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते, काटा रुतलेला कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर पाय कापायची वेळ येते. अनवाणी दारं धरणं बंद. गमबूट घ्या, घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा, पुसून कोरड्या करा. नोकरीत बूट-किट तपासायची सवय होती, तीच इथे लावायची. तुमच्यापुरतं सांगायचं तर रोज पाच हजार पावलं चालण्यापेक्षा हे जास्त मोलाचं आहे. चालणं तसंही तुमचं होतंच.

गुडघ्यांसाठी पळू नका. ‘रेजिमेंटमध्ये रोज पळायचो’ हे वाक्य मी फार ऐकलंय. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, मांडी आवळून दहापर्यंत मोजा, खाली सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. बँकेच्या स्टुलावरही जमतं. आणि ब्रुफेन! फौजेत ताप असो, मुरगळ असो, ब्रुफेन ही दुखण्याची गोळी आणि फार तर अटेन-सी, म्हणजे ड्यूटीतून आराम. ती सवय घरी येते. मधुमेह्यानं दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीला महागात पडतं. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) दर तीन ते सहा महिन्यांनी, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा, हे तपासायला सांगणं तुमचा हक्क आहे.

हक्क म्हणतोय, कारण ही खैरात नाही. १ एप्रिल २००३ ला सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेच्या नावातच अंशदान आहे. आज हवालदारापर्यंत ३० हजार, जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार आणि अधिकाऱ्याला १ लाख २० हजार भरावे लागतात. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना यातून सूट आहे, म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही.

मिस्टर राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. घरी आल्यापासून रात्री दचकून उठतात, वरातीतले फटाके वाजले की घर सोडून मळ्यात जाऊन बसतात. कँटीनची रम आधी शनिवारी असायची, आता रोज. डॉक्टरचं नाव काढलं की ‘मी वेडा नाही’. नातेवाईक म्हणतात, ध्यानाला बसवा.
— एक भगिनी, सांगली जिल्हा

ताई, ‘मी वेडा नाही’ यामागे एक जुनी भीती असते. फौजेत प्रत्येकाची ‘शेप’ ही वैद्यकीय कॅटेगरी ठरते, त्यातला पहिला ‘एस’ मनाचा. तो खाली आला की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होतो. त्यामुळे जवान वर्षानुवर्षं ‘सब ठीक है सर’ म्हणायला शिकतो. डॉक्टर असताना मीही ते उत्तर ऐकून पुढच्या माणसाकडे वळायचो, रांग तेवढी मोठी असायची. त्यांना एवढंच सांगा : आता कॅटेगरी पडणार नाही, आणि उपचार घेतले म्हणून पेन्शन थांबत नाही. मानसोपचार म्हणू नका. ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा. झोप येत नाही हे मान्य करणं फौजी माणसाला सोपं जातं.

ध्यानाचं नंतर बघू. अशा त्रासात डोळे मिटून बसलं की काहींना तीच दृश्यं जास्त दिसतात. उपचार आहेत : त्या अनुभवावर टप्प्याटप्प्यानं काम करणारं समुपदेशन, आणि सर्ट्रालिनसारखी औषधं. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडायची नाहीत. पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी तिथून मिलिटरी हॉस्पिटल किंवा पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, रुग्णालयासाठी रेफरल मिळतं. मिस्टर येत नसतील तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या जा, तुमच्याही नावाचं कार्ड आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलांच्या लोकांसाठी या सेवेचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला.

दोन गोष्टी मात्र आजच. शपथ घालून रम एकदम बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची. दुसरं, घरात लायसनची बारा बोरची बंदूक असेल तर ती घराबाहेर हवी. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती रीतसर जमा करता येते. त्यांनी ‘जगण्यात राम नाही’ असं कधी म्हटलं असेल, तर यात एक दिवसही घालवू नका.

वडिलांना रात्री छातीत कळ आली. जवळच्या दवाखान्यात नेलं, स्टेंट पडला. नंतर कळलं, तो दवाखाना पॅनेलवर नाही. पैसे बुडाले का?
— एका सुभेदारांचा मुलगा, कोल्हापूर

बुडाले नाहीत, पण सगळे मिळतील असंही नाही. जवळ नेलंत ते बरोबरच केलंत. छातीत कळ आल्यावर पॅनेलची यादी शोधत बसायचं नसतं. जीवावरच्या प्रसंगी पॅनेलबाहेरच्या रुग्णालयातले उपचारही चालतात, मात्र ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. परतफेड सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्ययोजनेच्या) दरानं होते, फरक आपल्या खिशातून जातो. रुग्णालयाकडून इमर्जन्सीचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल आणि स्टेंटचं स्टिकर व पावती घ्या. स्टिकर लोक हमखास विसरतात. माणूस सावरला की पॅनेलवरच्या रुग्णालयात हलवता येतं का, हेही विचारावं.

पॅनेलवरचं रुग्णालय रेफरल असूनही डिपॉझिट मागतं. ‘तुमच्या सरकारकडून पैसे येत नाहीत’ म्हणतात.
— निवृत्त नायब सुभेदार, अहिल्यानगर

बिलं थकतात हे खरं आहे, पण ते भांडण रुग्णालयाचं आणि योजनेचं. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी सभासदाकडून आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत, असं करारात आहे. ‘हे लेखी द्या’ म्हणा. निम्म्या वेळा तिथंच विषय मिटतो. नाही मिटला तर तिथूनच पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जला फोन करा, मग रीजनल सेंटरला ई-मेल. भरावेच लागले तर पावतीशिवाय रुपया देऊ नका. फौजेत आपण तोंडी तक्रारी करत राहिलो. इथे कागदच चालतो.

तोफखान्यात होतो, वय ७८. कानात सतत सूं सूं वाजतं. सांगतात, ‘सवय करून घ्या.’
— निवृत्त नायक, सातारा

सवय होते, पण हे पहिलं उत्तर असू नये. तोफेच्या आवाजानं आतल्या कानाच्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. मात्र बहुतेकांना सोबत बहिरेपण असतं आणि श्रवणयंत्र लावल्यावर बाहेरचे आवाज वाढून आतला मागे पडतो. ईएनटीकडे रेफरल आणि ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) मागा; श्रवणयंत्र योजनेतून मिळतं. सूं सूं एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तर तपासणी लवकर करा. रात्री पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू ठेवून झोपा.

मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षांनी परत आल्यावर आम्हाला ईसीएचएस मिळेल का?
— एक पालक, सोलापूर जिल्हा

नाही. पुढे कायम सेवेत घेतले जातात त्यांची गोष्ट वेगळी, बाकीच्यांना ही योजना लागू नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी टक्केवारीनुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे, पण ती मिळायला दुखापत नोंदलेली हवी. म्हणून मुलाला आत्ताच सांगा : पडला, मुरगळलं, कानाला त्रास झाला, तर एमआय रूमच्या कागदावर येऊ दे, ‘सब ठीक है’ म्हणून अंगावर काढू नकोस. घरी येण्याआधी वैद्यकीय कागदांच्या प्रती घे. आणि चार वर्षांच्या शेवटी हाती येणाऱ्या सेवानिधीच्या एकरकमी पैशांतून ट्रॅक्टरचा हप्ता ठरवण्याआधी आरोग्यविम्याचा पहिला हप्ता भरा.