सड्याची नोंद पावसातच करा

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, आणि लगतच्या टेकडीवर मार्चमध्ये पाहणी झाली. अहवालात 'सुके गवत, विशेष वनस्पती नाही' एवढंच आलं. पावसात तिथे पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं असतात. आम्ही चार-पाच जण स्वतः नोंद करायची म्हणतोय. कशी करावी? संरक्षित वनस्पती म्हणजे नेमक्या कुठल्या?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : मार्चमध्ये सड्यावर दिसणार तरी काय? कातळ तापलेला, गवत वाळलेलं आणि कंद मातीत निजलेले. दीपकाडीचंच बघा. पहिले पाऊस झाले की जांभ्यावरच्या वीतभर मातीतून तिचा दांडा वर येतो, पांढरी फुलं लागतात. थोड्याच दिवसांत गवत वाढतं आणि ती त्यात हरवते. म्हणून जूनअखेर, ऑगस्टच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अशा निदान तीन फेऱ्या करा. शेवटची फेरी कापणीआधीच हवी. गवताची जात तुऱ्यावरून कळते.

चार काठ्या आणि सुतळी घेऊन १ मीटर बाजूची चौकट करा. उघडा कातळ, पाण्याचा खळगा, मातीचा उतार, प्रत्येक ठिकाणी दहा तरी चौकटी घ्या. फुलं बघून जागा निवडू नका. चौकटीत काय काय आहे आणि कशाने किती जागा व्यापलीय ते लिहा.

खळग्याकाठी मात्र गुडघे टेकून बसा. सीतेची आसवं ही इवलीशी वनस्पती उभ्याने बघितली तर नुसता जांभळा रंग दिसतो. पाण्याने उघड्या पडलेल्या तिच्या मुळांसारख्या धाग्यांवर भिंग धरलं की मोहरीहूनही लहान पिशव्या दिसतात. त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. जांभ्यावरच्या निकस मातीत नत्र कमी, ते ती असं मिळवते. मी अजूनही तिथून लवकर उठत नाही. शेजारच्या गेंदाची, म्हणजे पांढऱ्या गोंड्यासारख्या फुलांच्या वनस्पतीची, जात ठरवायला बीसुद्धा तपासावं लागतं, तेव्हा अंदाजाने नाव ठोकू नका, नुसतं 'गेंद' लिहा.

कायद्याने संरक्षित वनस्पतींची यादी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ती तिसऱ्या अनुसूचीत आली. पण त्या यादीत नाव नाही म्हणून वनस्पती मामुली ठरत नाही. आपल्याच पट्ट्यात उगवणाऱ्या प्रदेशनिष्ठ वनस्पती वेगळ्या लिहा. प्रत्येकीपुढे तारीख, जागा आणि फुलाचा, पानाचा, बुंध्याचा फोटो. ओळख पटत नाही म्हणून कंद मात्र उकरू नका.