एकी हवी असेल तर आधी शास्त्र उघड

ख्रिस्ती मंडळ्यांची एकी साधू पाहणाऱ्या आपल्या स्टोन-कॅम्पबेल चळवळीत तू नवा आहेस, म्हणून थोडं सांगतो. 1809 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात थॉमस कॅम्पबेल म्हणाले, शास्त्र, म्हणजे बायबल, बोलतं तिथे आपण बोलू, ते गप्प तिथे आपणही गप्प राहू. यातला दुसरा भाग फार जड जातो बघ. 1832 साली लेक्सिंग्टनला बार्टन स्टोन आणि कॅम्पबेल यांचे लोक एक झाले, त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, सगळी मतं जुळत नसतानाही. पुढे भक्तीत वाद्यं हवीत का, मिशनरी सोसायट्या असाव्यात का, यावरून तेच लोक दुरावले. 1906च्या अमेरिकेतल्या धार्मिक गणनेत वेगवेगळे नोंदले गेले. याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं.

म्हणून वादात उतरण्याआधी प्रेषितांची कृत्ये 2:42 वाच: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. लगेच रोमकरांस 14 वाच, मतं वेगळी असली तरी एकमेकांना दोष देऊ नका असं त्यात आहे. आपण दर रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस, घेतो. दुसऱ्या मंडळीत ते महिन्यातून एकदाच असेल तर तिथे बसून नाक मुरडू नकोस, त्यांच्यासोबत प्रार्थना कर. आणि 1970 साली नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात याच चळवळीतली एक शाखा, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट, हीही सामील होती. तो इतिहास जरूर वाच.